मध्यंतरातले दिवे

२९ जून १९५६, शुक्रवार

पुन्हा बघण्यासारखा! एकदा नाही, दहादा!

नाव घरी येईपर्यंत विसरले. माझ्यापुरता तो नावाड्याचा पिक्चर. एक नावाडी, एक नदी, पलीकडच्या काठावर एक दिवा. तो रोज म्हणतो आज दिव्यापर्यंत जाईन, आणि रोज कोणाला ना कोणाला पार करून देण्यात दिवस संपतो. शेवटी पोहोचतो तेव्हा सकाळ झालेली असते आणि दिवा कुठला ते ओळखू येत नाही. बस्स, एवढीच गोष्ट. पण पाणी काय दाखवलंय! टांग्यातून परत येताना वहिनी शेजारी अखंड बोलत होती आणि मला टांगा पाण्यावरून चाललाय असं वाटत होतं. घरी पाटपाणी झालं, मी जेवले, काय जेवले ते ठाऊक नाही.

टॉकीजमधले दिवे गेले की मला फार बरं वाटतं. तिथे मी बघते. माझ्याकडे कोणी बघत नाही! गेल्या वर्षी ती देवासची मंडळी आली तेव्हा मला अंगणात चालवून बघितलं. सुईत दोरा ओवायला लावला — नजर ठीक आहे ना. मग वेणी सोडायला लावली — केस खरेच आहेत ना. पंचवीस वर्षांची मी, शाळेत मुलींना भूगोल शिकवते, आणि बैलबाजारात उभी! त्या संध्याकाळी दादाला सांगून टाकलं, आता पाटावर बसणार नाही, कोणाहीसमोर नाही. दादाने शब्द दिला.

शब्द दिला खरा, पण आता त्याचं खातं भोपाळला चाललंय. मध्यभारत जाणार, नवा प्रांत होणार, दिवाळीच्या आत बिऱ्हाड हलवायचं. मी म्हणते, मी आणि माई इथेच उज्जैनला राहू, माझी शाळा आहे. तो म्हणतो, "दोघी बायका एकट्या? तुझं काही ठरल्याशिवाय मी जाऊ कसा?" रोज हेच. जेवताना, दाढी करताना, सायकल पुसताना.

वहिनी मात्र अलीकडे फार चांगली वागते. आज तर वर बायकांच्या जनान्यात न नेता खालच्या खुर्च्यांवर बसवलं. म्हणाली, वर उकडतं. मध्यंतरात म्हणाली, "वन्सं, जरा उभ्या राहा, पाय मोकळे करा, इथून तिथवर फिरून या." किती काळजी!

३० जून

वहिनीला म्हटलं, रविवारी पुन्हा जाऊ या नावाड्याला. ती म्हणाली, "एकदा बघितला ना? बस्स झालं." तोंड एवढंसं. एका रात्रीत काय बिघडलं?

१५ जुलै, रविवार

बेकार. एकदम बेकार. पुन्हा? देवा रे!

राजकुमारीचा पिक्चर. पुठ्ठ्याचा किल्ला, वारा आला की बुरूज हलतो. राजकुमारी पहिल्या रिळापासून शेवटच्या रिळापर्यंत बेशुद्ध पडते. खलनायकाची दाढी मधेच डावीकडे सरकली आणि पुढच्या प्रसंगात उजवीकडे. मी वहिनीच्या कानात म्हटलं, "दाढीला बघायला कोणी आलंय का, सारखी जागा बदलतेय!" वहिनी हसली नाही. इकडेतिकडे बघत होती.

पुन्हा खालच्या खुर्च्या. कडेच्या. मध्यंतरात मला पाणी प्यायला पाठवलं, तहान नव्हती तरी. मोगऱ्याचा गजराही तिनेच घरून निघताना माळला होता. अशा पिक्चरला गजरा म्हणजे गाढवाला साज. पण वास छान होता, पिक्चरपेक्षा मी त्यातच रमले. डोळे मिटले तर तो नावाडी परत आला.

२० जुलै

वहिनी म्हणते रविवारी राजकुमारीला पुन्हा जायचं! मी म्हटलं, तुला बरं आहे ना? म्हणाली, "पहिल्या वेळी नीट समजला नाही." त्यात समजायचं काय होतं?

२२ जुलै, रविवार

गेलो. झोपले.

मध्यंतरात जाग आली ती शेजारच्या रांगेतल्या एका बाईंच्या आवाजाने. जाड, प्रेमळ, तोंडात पान. चिवडा पुढे केला आणि म्हणाल्या, "घे गं. तू शाळेत शिकवतेस ना? चष्मा लागला नाही अजून? छान, छान." कोणा विद्यार्थिनीची आई असावी. शहर लहान, शाळेतल्या बाईला सगळे ओळखतात. मी नीट उत्तरं दिली. उगाच कोणाला वाटायला नको की बाई तोऱ्यात असतात.

चिवडा बाकी चांगला होता. पिक्चरपेक्षा शंभरपट.

२४ जुलै

शेजारी मिश्राजींकडे सावन लागला. त्यांच्या घरून झुल्याची गाणी ऐकू येतात. आपला श्रावण पंधरा दिवसांनी. लहानपणी मला वाटायचं, आपल्यालाच देव उशिरा का भेटतो? माई म्हणायची, "उशिरा येतो, पण राहतो ना तेवढेच दिवस."

वहिनी दोन दिवस गप्प आहे. विचारलं तर म्हणते, "काही नाही, डोकं दुखतंय."

१२ ऑगस्ट, रविवार

आजचा मी मरेपर्यंत विसरणार नाही. पुन्हा, पुन्हा, पुन्हा!

डोंगरात एक वरात निघते. धुकं उतरतं आणि वरात वाट चुकते. बँडवाले वाजवत राहतात, म्हणजे मागचे हरवायला नकोत. दरीच्या पलीकडे नवरी बसलीय, तिला बँड ऐकू येतो — आता जवळ, आता लांब, आता डोंगराच्या मागून. ती उठते, बसते, पुन्हा उठते. सगळं दिसेनासं झालेलं, नुसता आवाज फिरतोय. पहाटे वरात पोहोचते ती भलत्याच गावाला! लोक हसत होते, हसायचंच होतं ते. पण मी त्या आवाजाबरोबर कुठे कुठे फिरून आले. अजून परतले नाहीये. हे लिहितानाही कोपऱ्यातल्या समईभोवती धुकं दिसतंय.

घरी येताना वहिनीला म्हटलं, रामघाटावरून जाऊ. नदी शांत होती. आरती व्हायची होती, पंडे आपापल्या छत्र्या मिटत होते. मी पायरीवर बसून राहिले. त्या नवरीला मी ओळखते असं वाटत होतं. वहिनी म्हणाली, "चला वन्सं, घरी वाट बघत असतील." मी म्हटलं, बघू दे. वाट बघणाऱ्यांचं आज मला काही वाईट वाटत नाही.

१४ ऑगस्ट

लिहूनच टाकते.

सकाळी जेवताना मी वरातीच्या पिक्चरचा विषय काढला. पुन्हा जाऊ या, मी एकटी जाते वाटल्यास. वहिनी नको म्हणाली. का नको? नको. मी म्हटलं, तुझं कसं आहे गं, चांगला पिक्चर एकदाच आणि रद्दी दोनदा!

माई ताक वाढत होती. माईला खोटं बोलता येत नाही आणि गप्पही बसता येत नाही. म्हणाली, "अगं, त्या धारवाल्यांना तू पसंत पडली नाहीस, त्यात पिक्चरचा काय दोष?"

वहिनीच्या हातातली वाटी कलंडली. दादा ताटाकडे बघत राहिला.

मग सगळं एकदम उजेडात आलं. खालच्या खुर्च्या. कडेची जागा. गजरा. उभ्या राहा, फिरून या, पाणी पिऊन या. मध्यंतरात दिवे लागत होते ते माझ्यासाठी! बाकीचं माईनेच सांगितलं. नावाड्याच्या पिक्चरला कोणी महूवाले येऊन मला बघून गेले होते, त्यांनी नाही म्हटलं, म्हणून नावाडी पुन्हा नाही. राजकुमारीच्या पिक्चरला रतलामची ती पानवाली बाई आली होती, तिला 'जवळून एकदा बघू' वाटलं, म्हणून राजकुमारी दोनदा. नंतर तीही नको म्हणाली. मी तिचा चिवडा खाल्ला!

म्हणजे मी पिक्चरला शेरे देत होते, आणि मागच्या रांगेत बसून लोक मला.

१५ ऑगस्ट

शाळेत झेंडावंदन. मुलींना स्वातंत्र्यावर दोन शब्द सांगा म्हणाले. दोन शब्दही सुचले नाहीत.

१६ ऑगस्ट

आज वहिनी स्वयंपाकघरात रडली. "वन्सं, तुम्ही पाटावर बसणार नाही म्हणालात. ह्यांनी शब्द दिला. मग मी काय करायचं? आमच्या धाकट्या आत्याला असंच थिएटरात दाखवलं होतं, तिला लग्नानंतर कळलं. ती हसते आता." मी म्हटलं, मला हसू येत नाही. ती म्हणाली, "त्रास होऊ नये म्हणूनच तर सांगितलं नाही." हे मात्र तिने अगदी मनापासून म्हटलं. म्हणून जास्त राग आला!

दादा दारात उभा होता. म्हणाला, "शब्द मोडला नाही मी. पाटावर कुठे बसवलं?" त्याच्याशी मी बोलत नाही.

खरं सांगू? त्यांचं राहू दे. मला दुःख अंधाराचं आहे. ती एकच जागा माझी होती. आता डोळे मिटले की नावाडी दिसतो, आणि त्याच्यामागे कोणीतरी पान खात बसलेलं दिसतं.

९ सप्टेंबर, रविवार

गणपती बसले. आरतीला भय्यासाहेब आले होते. हे आमचे लांबचे काका, जमवाजमवीत हुशार, सगळी स्थळं ह्यांच्याच खिशातून निघतात. प्रसाद खाता खाता म्हणाले, "एक मुलगा आहे. श्रीपाद. स्टेशनावर बुकिंगला बसतो. उज्जैनचाच, उज्जैनलाच राहणार. आई-वडील नाहीत, मोठ्या भावाकडे असतो. मुलगी बघायला चला म्हटलं की टाळतो."

उज्जैनलाच राहणार — हे मी ऐकलं. दादानेही ऐकलं. माझ्याकडे चोरून बघितलं.

आणि माझ्या तोंडून निघून गेलं, "मी बघते त्याला. तुम्ही त्याला पिक्चरला घेऊन या. खालच्या खुर्चीवर, कडेला. त्याला काही सांगायचं नाही. मी वर जनान्यात बसते."

माईने कपाळावर हात मारला. भय्यासाहेब आधी खोकले, मग हसत सुटले. "उलटी गंगा! वाह, बिटिया!" दादाला वाटलं मी चिडून बोलतेय. चिडूनच बोलत होते. पण त्याने मान डोलावली. तीन-चार आठवड्यांनी मी त्याच्याशी नीट बोलले याचाच त्याला आनंद.

१६ सप्टेंबर, रविवार

गेलो. बघितलं.

पिक्चर खोट्या वैद्याचा होता. एक भामटा गावात येऊन साखरेच्या पुड्या औषध म्हणून देतो आणि लोक खरंच बरे होतात, मग तो घाबरतो. अर्धाच बघितला. उरलेला अर्धा मी जनान्याचा पडदा बोटभर सारून खाली बघत होते. वहिनी शेजारी, श्वास रोखून. चोर बरे!

उंच नाही, ठेंगणा नाही. केस मानेवर जरा वाढलेले. भय्यासाहेबांनी त्याला अगदी दिव्याखाली बसवलं होतं. पिक्चर सुरू झाला आणि त्याने चपला काढून पाय वर खुर्चीवर घेतले, घरी बसावं तसे. सगळे हसून झाल्यावर हा हसतो. एकटा. आधी मला वाटलं मंद आहे. मग लक्षात आलं, हा हसण्याआधी ते मनात एकदा फिरवून बघतो. वैद्याचा म्हातारा रोगी मरतो तिथे सगळे पडद्याकडे बघत होते, हा आपल्या पायांकडे. मध्यंतरात दिवे लागले, भय्यासाहेबांनी त्याला उठवायचा प्रयत्न केला — फिरून ये म्हणून! — पण तो उठला नाही. गाण्यांची चोपडी घेऊन बसला आणि ओठ हलवत वाचत राहिला. कोणी आपल्याला बघतंय हे त्याच्या गावीही नव्हतं. माणूस एकटा असताना असा दिसतो तर.

मी कधी कोणा पुरुषाला इतका वेळ बघितलं नव्हतं. शेवटी शेवटी पडदा धरलेलं बोट दुखायला लागलं तरी सोडवेना.

वहिनीने विचारलं, "मग? पुन्हा बघण्यासारखा?"

हो. हो. हो.

२५ सप्टेंबर

पितृपक्ष. स्थळाचं बोलणं आता नवरात्रापर्यंत नाही. मला बरंच आहे. हे दिवस असेच लांबत जावेत. शाळेत नद्या शिकवताना क्षिप्रा चंबळेला मिळते म्हणाले आणि पुढे काय ते विसरले. मुली हसल्या. सगळ्या हसून झाल्यावर मी हसले!

२९ सप्टेंबर

दुपारी माईच्या मांडीवर डोकं ठेवून पडले होते. झोप नव्हती, जागही नव्हती. धुक्यात बँड वाजत होता आणि कोणीतरी चपला काढून पाय वर घेऊन बसलं होतं. माई म्हणाली, "काय गं, हसतेस कशाला?"

९ ऑक्टोबर, मंगळवार

तो नाही म्हणाला.

भय्यासाहेबांनी स्टेशनावर जाऊन त्याच्या पाठीवर थाप मारली, "लेका, मुलीने तुला पास केलं!" आणि मग हौसेने सगळं सांगितलं. टॉकीज, खुर्ची, जनाना. त्यांना वाटलं मुलगा खूश होईल. त्याने म्हणे हातातला तिकिटांचा गठ्ठा बाजूला ठेवला. मग म्हणाला, "मी परीक्षेला बसलो होतो हे मला कधी कळलं? काका, मी त्या दिवशी पिक्चर बघायला आलो होतो." आणि नको म्हणाला.

भय्यासाहेब म्हणतात, "बडा अकडू है. सोडून दे, दुसरा बघू."

अकडू नाही. हे माझंच बोलणं आहे, त्याच्या तोंडून. ऑगस्टात मी ताटावरून उठले तेव्हा मनात हेच होतं. मला काय झालं होतं ते या अख्ख्या गावात त्याला एकट्याला कळेल — कारण त्याला ते मीच केलं! पडद्याआड बसून, बोटभर फटीतून. आणि वर मजा वाटली.

वहिनी जवळ येऊन बसली. ऑगस्टापासून पहिल्यांदाच मला तिचा राग आला नाही.

१४ ऑक्टोबर, दसरा

सोनं वाटलं, सोनं घेतलं. दादाने ट्रंका खाली काढल्यात. म्हणाला, "तू भोपाळला चल. तिथे बघू." ते 'बघू' ऐकून मी उठून आत गेले.

१७ ऑक्टोबर, बुधवार

शाळेतून परस्पर स्टेशनवर गेले.

बुकिंगच्या खिडकीतून माणूस दिसत नाही, हात दिसतात. रांगेत उभी राहिले. माझी पाळी आली. आतून आवाज आला, "कहाँ का?"

कुठलंच नको होतं. मी म्हटलं, "मी जयू. मधुकररावांची बहीण."

हात थांबले.

मग एका दमात बोलून टाकलं. मलाही असंच दाखवलं होतं, न सांगता, एकदा नाही, अनेकदा. मला फार लागलं होतं. आणि तेच मी तुमच्याशी केलं. चूक केली. माफ करा किंवा करू नका. मागून एक पागोटेवाला ओरडत होता, "अरे बहनजी, गाड़ी निकल जाएगी!" मी त्याला म्हटलं, "निकलने दो!" मग खिडकीत वाकून म्हटलं, "रविवारी तीनच्या खेळाला मी त्याच पिक्चरला जाणार आहे. माझा अर्धा राहिलाय. खाली खुर्चीवर बसणार, एकटी, शेजारची जागा मोकळी ठेवून. यावंसं वाटलं तर या. नाही आलात तर मी पिक्चर बघून घरी जाईन."

हात तसेच. मग हळूच आवाज आला, "आगे कौन है?"

मी बाजूला झाले. घरी कशी आले माहीत नाही. दादाला सगळं सांगितलं. वाटलं होतं ओरडेल. तो ट्रंकेवर बसून राहिला आणि म्हणाला, "हे आधी मी करायला हवं होतं. तुझ्याजवळ येऊन."

२० ऑक्टोबर

नाही येणार. मी आले नसते.

२१ ऑक्टोबर, रविवार

गेटवाला म्हणाला, "बहनजी, जनाना ऊपर है." म्हटलं, मालूम है. खाली बसले. लोक वळून वळून बघत होते, बघू दिलं. दिवे गेले तेव्हा शेजारची खुर्ची रिकामी होती. वैद्य गावात शिरला, पुड्या वाटू लागला, तेवढ्यात कोणीतरी अंधारातून येऊन शेजारी बसलं. मी मान वळवली नाही.

मध्यंतर झालं. दिवे लागले. श्रीपाद समोर बघत होते. समोर काही नव्हतं, नुसता पांढरा पडदा. तिकडेच बघत म्हणाले, "तुमच्याकडे बघू का?"

आजवर हे मला कोणी विचारलं नव्हतं.

मी म्हटलं, "बघा."